दाजींच्या बंद काचा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. पण नव्याकोऱ्या गाड्या त्यांच्याइतक्या चालवलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. दिवसाला एक, कधी दोन, आणि हे सत्तावीस वर्षं. आम्ही घरात त्यांना दाजी म्हणतो, तेव्हा इथेही दाजीच म्हणतो. मला लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

कारखान्यात तयार झालेल्या गाड्या लांबच्या गावांना मोठ्या ट्रेलरवर चढून जातात, ते आपण रस्त्यावर बघतो. जवळच्या शोरूमला, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, दोन-चार गाड्यांसाठी ट्रेलर जात नाही. त्या गाड्या ड्रायव्हर चालवत नेतात. दाजींचं काम ते. सकाळी आठला यार्डच्या खिडकीशी उभं राहायचं, मुकादमाकडून किल्ली आणि चिठ्ठी घ्यायची, गाडी पोचवायची, आणि सगळ्यांना गोळा करत येणाऱ्या कंपनीच्या जुन्या व्हॅनने परत यायचं. व्हॅनला सगळे 'खटारा' म्हणत. तिची एकही काच धड लागत नसे.

चिठ्ठीवर गाडीचा नंबर, रंग, शोरूमचं नाव, आणि खाली छापलेल्या चार ओळी: सीटवरचं प्लॅस्टिक काढू नये. काचा बंद ठेवाव्यात. हवा आतलीच फिरवावी. वाटेत थांबू नये. तिसरी ओळ सहा वर्षांपूर्वी आली, कारण नव्या गाड्यांना तसं बटण असतं. ते दाबलं की पंखा बाहेरची हवा घेत नाही, आतलीच पुन्हा पुन्हा फिरवतो. हे सगळं कशासाठी, तर धुळीसाठी. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेणारा माणूस पांढरं फडकं घेऊन उभा असतो. तो डॅशबोर्डवरून, दाराच्या कप्प्यांतून ते फिरवतो. फडकं मळलं की चिठ्ठीवर शेरा. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून गाडी घेतली, त्याला आत बोट फिरवल्यावर धूळ लागली तर तो काय म्हणेल, असा त्यांचा मुद्दा. चुकीचा म्हणता येणार नाही.

दाजींच्या चिठ्ठीवर सत्तावीस वर्षांत एकही शेरा नव्हता. गाडीला एक ओरखडासुद्धा नाही. नवीन ड्रायव्हर आला की मुकादम त्याला दाजींकडे बोट दाखवून म्हणत, "तो बघ. तसं काम पाहिजे." असं बोट दाखवलेल्या माणसाचे सोबती फारसे होत नाहीत. दाजींचेही नव्हते. त्यांना सगळे 'नवरदेव' म्हणत. इस्त्रीचा शर्ट, ताठ बसणं, गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही आणि रोज नवं वाहन. बडबड्या नावाचा एक ड्रायव्हर होता. तो दर दोन दिवसांनी विचारायचा, "काय नवरदेव, रोज नवी गाडी, बायको मात्र तीच?"

"बायको बदला असं चिठ्ठीवर लिहून येत नाही," दाजी म्हणायचे. त्यांचा विनोद एवढाच. तोही चिठ्ठीतून.

डोकं दुखणं तसं जुनं. नव्या गाडीत पाऊण तास बसलं की कपाळावर पट्टा आवळल्यासारखं होई, डोळे चुरचुरत. व्हॅनमधून परत येईपर्यंत ते उतरत असे. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. गेल्या वर्षी मात्र ते वाढलं. यार्डातली पत्र्याची शेड नवीन मॉडेलसाठी घेतली गेली आणि पाठवायच्या गाड्या उघड्यावर उन्हात उभ्या राहू लागल्या. दार उघडलं की आतून भट्टीसारखी वाफ अंगावर येई. प्लॅस्टिक, रबर, गोंद, सीटचं कापड, सगळ्याचा वास एकत्र. बाकीचे त्या वासाला नाकं मुरडत. दाजी आत बसून दार लावून घेत.

त्यात त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक भर घातली. उघड्यावर गाड्या उभ्या राहू लागल्यापासून डॅशबोर्डच्या कोपऱ्यांतल्या जाळ्यांमधून बारीक धूळ येते, असं त्यांच्या लक्षात आलं. मग ते खिशात कागदी चिकटपट्टी ठेवू लागले. गाडीत बसलं की आधी त्या जाळ्या बंद करायच्या, पोचण्याआधी पट्टी सोलून काढायची. पट्टीचा डागही राहू द्यायचे नाहीत. मुकादमांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. बाकीच्यांनी नुसतं एकमेकांकडे बघितलं.

माझी बहीण, आम्ही तिला धाकटीच म्हणतो, घरी शाळेचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनखाली निळ्या कापडाचे तुकडे. नाक तिचं लहानपणापासून तिखट. दाजी आले की ती दारातच त्यांना शर्ट काढायला लावायची आणि तो मागच्या गॅलरीत वेगळ्या दोरीवर टाकायची.

"अहो, नव्या बुटाच्या खोक्यात तोंड घातल्यासारखा वास येतो," ती म्हणायची.

"नवी गाडी आहे. जुन्या बुटाचा कसा येईल?"

आता मी एक कबूल केलं पाहिजे. मी बुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरला कारकून होतो. आमच्याकडे गोंदाची एक खोली होती. त्या खोलीचं मागचं दार थंडीतही वीट लावून उघडं ठेवत, आणि आतली माणसं तासातासाने बाहेर येऊन उभी राहत. नवीन आलेला एखादा दिवसभर आतच बसला तर संध्याकाळी डोकं धरून बसायचा. दाजींच्या शर्टाचा वास मला ओळखीचा वाटला होता. अगदी तोच नाही, पण त्याच घराण्यातला. पण मी कारकून, डॉक्टर नाही. गाड्यांतलंही मला काही कळत नाही. आपण उगाच शहाणपणा कशाला करायचा, असं म्हणून गप्प बसलो. एक दिवस नाही, जवळजवळ वर्षभर.

तोपर्यंत दाजींनी दोनदा चष्मा बदलला. उशी बदलली. चहा सोडला, पुन्हा धरला. जेवण कमी झालं. दुपारी गाडी चालवताना पापण्या जड होऊ लागल्या. त्यावर उपाय म्हणून ते तोंडात लवंग धरू लागले.

मग एके दिवशी गाडी भलत्याच गावी गेली. त्या मालकाची दोन शोरूम आहेत, दोन वेगळ्या गावांत. गोल चौकातून डावीकडे वळायचं ते पहिलं, सरळ गेलं की दुसरं. दाजी सरळ गेले. नदीवरचा पूल दिसला तेव्हा त्यांना कळलं की या रस्त्याला पूल नसतो. तीस किलोमीटर पुढे आले होते. गोल चौक कधी गेला ते आठवेना. त्याचाच त्यांना जास्त धसका बसला. चूक झाली याचा नाही, ती होताना आपण तिथे नव्हतो याचा.

"नवरदेव, सासर चुकलं की काय?" मुकादम हसत म्हणाले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, म्हणून हसण्यावारी नेलं.

तीन आठवड्यांनी दुसरी गोष्ट घडली. एका सिग्नलला दाजी थांबले, हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता तो त्यांना कुठून तरी लांबून ऐकू येत होता. डोळे उघडे होते, असं ते स्वतः म्हणतात. हे कुणी पाहिलं नव्हतं, ट्रकवाला निघून गेला. पण दाजींनी संध्याकाळी खिडकीशी जाऊन स्वतःच मुकादमाला सांगितलं.

मुकादम आता हसले नाहीत. "हे तुम्ही मला का सांगितलंत? आता मला तुम्हाला डॉक्टरकडे पाठवावं लागेल."

"म्हणूनच सांगितलं."

कंपनीच्या डॉक्टरने रक्तदाब बघितला, साखर बघितली, डोळे तपासले, एका पायावर उभं केलं. सगळं ठीक. थकवा असेल म्हणाला, आणि दहा दिवसांची रजा दिली. त्या दहा दिवसांत डोकं दुखलं नाही. जेवणही वाढलं. अकराव्या दिवशी डॉक्टरने चालवायला योग्य असा कागद दिला. बाराव्या दिवशी दाजींनी एक राखाडी गाडी पंच्याण्णव किलोमीटर नेली आणि घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसले. दोन्ही हातांनी डोकं धरून.

त्या शनिवारी ते माझ्याकडे आले. बरोबर धाकटी होती. दाजींनी खिशातून चौकोनी घडी केलेला कोरा कागद काढला.

"दादा, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून द्या."

"कसला?"

"मला गेटवर घ्या म्हणून. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. सोमवारी देतो."

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं आठ महिने राहिले होते. गेटवरचं काम हलकं, खुर्ची असते. पण दाजींना मी ओळखतो. दुसऱ्याने चालवत नेलेल्या गाडीचा नंबर लिहिणं म्हणजे त्यांना रोज शिक्षा. मी म्हणालो, "घाई कशाला?"

"घाई नाही. शरीर ड्रायव्हिंगला नाही म्हणतंय. दहा दिवस घरी बसलो, बरा झालो. एक दिवस चालवलं, पुन्हा तेच. उद्या कुणाच्या अंगावर घातली म्हणजे? आजवर शेरा नाही आणि शेवटी हा शेरा घेऊन जायचा?"

मी अर्ज लिहिला. सांगायला लाज वाटते, पण चांगला लिहिला. 'वयोमानानुसार' हा शब्दही मीच सुचवला.

धाकटीने तो वाचायला घेतला. तिला कापड आणि कागद दोन्ही उजेडात धरून बघायची सवय आहे. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"'वाहन चालवल्याने डोके दुखते,'" ती मोठ्याने म्हणाली. "अहो, हे खोटं आहे."

"खोटं काय त्यात?"

"रजेच्या दहा दिवसांत तुम्ही वहिनींना डोळ्याच्या दवाखान्यात कुणाच्या गाडीतून नेत होतात?"

"दादांच्या."

"कोण चालवत होतं? दादा?"

मी शहरात गाडी घालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या बायकोच्या डोळ्याचं काम होतं, आणि दाजी रिकामे होते म्हणून ते रोज आमची एकोणीस वर्षांची गाडी काढत होते. जायला-यायला चाळीस किलोमीटर.

"मीच चालवत होतो," दाजी म्हणाले.

"डोकं दुखलं?"

दाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"एकदा तरी दुखलं? घरी येऊन दोनदा भात मागून घेत होतात. म्हणजे शरीर ड्रायव्हिंगला नाही म्हणत नाही. त्या नव्या गाड्यांना नाही म्हणतंय. आणि शरीराच्या आधी मी म्हणतेय, तुमच्या शर्टाला!"

आमच्या गाडीची मागची डावी काच कायमची अर्धी खाली आहे, वर चढतच नाही. गाडीतला कुठलाही वास केव्हाच उडून गेला आहे, आहे तो ओल्या छत्रीचा. हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी पहिल्यांदा तोंड उघडलं. गोंदाच्या खोलीचं सांगितलं. उघडं दार, वीट, तासातासाने बाहेर येणारी माणसं.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "दादा, तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"माहीत असं नाही. वाटत होतं."

"आणि अर्ज लिहायला बसलास?"

माझी बायको आतल्या खोलीतून, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली, म्हणाली, "मला दिसत नाही म्हणून बरं आहे. नाहीतर तुमचं तोंड बघावं लागलं असतं."

दाजी मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकले होते. "पण काचा बंद ठेवाव्यात असं छापलंय."

"मग उघडा!" धाकटी म्हणाली.

"छापलंय गं."

"छापणारा बसतो का आत?"

"त्याने बसायचं नाहीच. मी बसायचं, म्हणून तर मला ठेवलंय."

तासभर हेच चाललं. शेवटी ठरलं ते असं: सोमवारी अर्ज खिशात ठेवायचा, पण देण्याआधी मुकादमाकडे काच उघडण्याची परवानगी मागायची. मिळाली तर ठीक, नाहीतर अर्ज. धाकटीचं म्हणणं परवानगी मागूच नये. पण चोरून काम करणं दाजींना जमण्यातलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

सोमवारचं मी पाहिलेलं नाही. दाजींनी थोडं सांगितलं, बाकीचं पुढे बडबड्याने, आणि तो वाढवून सांगतो हे धरून मी लिहितो आहे.

आठ वाजता खिडकीशी सगळे नऊ ड्रायव्हर उभे होते. दाजींची पाळी आली. मुकादमाने किल्ली पुढे केली. दाजींनी घेतली नाही.

"मुकादम, एक विचारायचं होतं. गाडी नेताना काच चार बोटं खाली ठेवली तर चालेल का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच.

दाजींना आधी कळेना. त्यांना वाटलं आपल्याला हसतायत, आणि ते खरंच होतं, पण कारण दुसरं होतं.

"नवरदेव," बडबड्या डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही सत्तावीस वर्षं काच उघडली नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"छापलंय ना."

"अहो, आम्ही यार्डचं वळण संपलं की चारही खाली करतो! शोरूम एक किलोमीटर राहिलं की वर करायच्या आणि फडकं मारायचं. तो यार्डच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आहे ना, त्याच्याकडे आमची फडकी ठेवलेली आहेत. आठ जणांची आठ!"

दाजींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे खाली बघू लागले. चांगलं काम दाखवायला मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्याला अशी गोष्ट कोण सांगणार? तो मुकादमाला सांगेल ही भीती. आणि त्याला माहीत असेलच हा समज. असं करत एक माणूस त्या वासात बसून राहिला, वर जाळ्यांना चिकटपट्टी लावून.

"मग परवानगी आहेच," दाजी मुकादमाला म्हणाले.

मुकादमांनी पेन खाली ठेवलं. "नवरदेव, तुम्ही मला विचारायलाच नको होतं. जोवर कुणी विचारत नाही तोवर मला काही दिसत नाही. विचारलं की मला नाही म्हणावं लागतं. नाही."

"मग मी गाडी नेत नाही." आणि दाजींनी खिशातला अर्ज खिडकीवर ठेवला.

मुकादमांनी तो वाचला. बडबड्या सांगतो की त्यांचा चेहरा उतरला. उतरला असेल. गेटवर बसवायला माणसं मिळतात, पण शेरा नसलेला ड्रायव्हर पुन्हा कुठून आणायचा?

"असं होतं तरी काय एवढं? वासच ना? लोक पैसे देऊन तो वास घेतात. नवी गाडी घेतली की वास जाऊ नये म्हणून महिनाभर सीटवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत."

"तुम्हाला आज पेंटच्या तक्रारीसाठी जवळच्या शोरूमला जायचंय ना?" दाजींनी विचारलं. "माझ्या शेजारी बसा. पस्तीस मिनिटांचा रस्ता. नियमाप्रमाणे जाऊ."

"नव्या गाडीत दुसरं माणूस बसवायचं नसतं."

"चिठ्ठीवर तसं छापलेलं नाही."

याच्यावर पुन्हा हशा झाला, आणि त्या हशामुळेच मुकादम उठले असावेत. माणूस कधी कधी चारचौघांत हसू झालं की बरोबर गोष्ट करून बसतो.

मुकादमांना आधी कागदपत्रं करायची होती. निघायला साडेअकरा वाजले. लाल गाडी शुक्रवारपासून उन्हात उभी होती. दाजींनी दार उघडलं, मुकादम आत बसले, सीटवरचं प्लॅस्टिक चरचरलं. दाजींनी खिशातून चिकटपट्टी काढून दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळ्या बंद केल्या. काचा बंद. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं. गार हवा लावली. नियमाला धरून जे जे करायचं ते सगळं.

पहिली पाच मिनिटं मुकादम पेंटच्या तक्रारीबद्दल बोलत होते. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. पुढे काही वेळाने डोळे चोळले आणि विचारलं, "ही आत्ताची गाडी आहे म्हणून का?"

"सगळ्या आत्ताच्याच असतात. मला जुनी कोण देणार?"

हायवेला लागल्यावर मुकादमांचं बोलणं थांबलं. त्यांना मळमळत होतं, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. हात काचेच्या बटणाकडे गेला आणि परत आला. दाजींनी ते पाहिलं, पण ते पन्नासच्या वेगाने चालवत राहिले. गोल चौकाच्या अलीकडे मुकादमांचा हात पुन्हा गेला, आणि या वेळी काच पूर्ण खाली आली. बाहेरून ट्रकची धूळ सरळ डॅशबोर्डवर आली.

"शेरा येईल," दाजी म्हणाले.

"येऊ द्या. तुमचीपण खाली करा."

शोरूमच्या दारात मुकादम उतरले आणि पायरीवर बसले. पाणी मागवलं. फडकेवाला फडकं घेऊन आला. त्याने ते डॅशबोर्डवरून फिरवलं, काळं झालं. त्याने दाजींकडे बघितलं, पुन्हा फडक्याकडे बघितलं. दाजींच्या चिठ्ठीवर शेरा लिहायची त्याला सवय नव्हती.

"लिहा," मुकादम पायरीवरून म्हणाले. "माझ्या नावावर लिहा."

व्हॅनमधून परत येताना ते दाजींना एवढंच म्हणाले, "मी अर्ध्या तासात डोकं धरलं. तुम्ही रोज दोन-दोन तास. एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला वाटलं, माझ्यातच काही बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी खिडकीतून सांगितलं: गाडी काढण्याआधी दहा मिनिटं चारही दारं सताड उघडी ठेवायची. निघताना बटण बाहेरच्या हवेचं. काच आपापल्या मर्जीप्रमाणे, पाऊस सोडून. पोचायच्या अलीकडे थांबून गाडी आतून पुसायची, आणि पुसली म्हणून चिठ्ठीवर सही. वरच्या ऑफिसला त्यांनी पत्र पाठवलं. त्याचं उत्तर यायला चार महिने लागले, आणि त्यात अर्ध्याच गोष्टी मान्य होत्या. छापील चिठ्ठीवरून 'हवा आतलीच फिरवावी' ही ओळ गेली. 'काचा बंद' अजून आहे. तिच्यावर मुकादम रोज सकाळी पेनाने रेघ मारतात, नऊ चिठ्ठ्यांवर नऊ रेघा.

बाकीचे आठ जण खूश झाले असतील असं कुणाला वाटेल. झाले नाहीत. "आम्ही सुखाने चोरी करत होतो," बडबड्या दाजींना म्हणाला. "तुम्ही ती कायद्यात बसवलीत. आता पुसून वर सहीपण करायची!" पण सकाळची ती दहा मिनिटं सगळ्यांना यार्डात उभं राहावं लागतं, गाड्यांची दारं उघडी टाकून. तेवढ्या वेळात माणसं बोलतात. सत्तावीस वर्षं बरोबर काम करून दाजींना ठाऊक नव्हतं, ते या दहा मिनिटांत कळलं: बडबड्या घरी अजिबात बोलत नाही, एकाला गाडीची भीती वाटते तरी तो हेच काम करतो, आणि दोघांची डोकी दाजींसारखीच दुखायची, फक्त त्यांनी ते गुपचूप काच खाली करून मिटवलं होतं. दाजींना आता कुणी नवरदेव म्हणत नाही असं नाही. म्हणतात. फक्त आता चहाला बोलावताना म्हणतात.

अर्ज मुकादमांनी परत दिला. दाजींनी तो मला दाखवला. 'वयोमानानुसार' या शब्दाखाली मुकादमांनी लाल रेघ मारली होती. मला ते लागलं, पण रास्त होतं.

दाजींचं डोकं आता दुखत नाही, असं वाक्य मी इथे लिहिलं होतं. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते खोडायला लावलं. "कडक ऊन असलं आणि गाडी अगदी ताजी असली की अजून दुखतं," ते म्हणाले. "आधीसारखं नाही. काच पूर्ण खाली केली की तासाभरात उतरतं. झोप येत नाही. चौक सगळे दिसतात. दादा, आहे तेवढंच लिहा."

धाकटी मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "आणि हेही लिही की शर्ट अजून बाहेरच वाळत घालते."

लिहिलं. निवृत्तीला आता दोन वर्षं दोन महिने राहिले आहेत. तोवर त्यांच्या नावाची चिठ्ठी रोज निघेल.